समुद्रकाठच्या गाडीची अलॉय चाके

वाचकाचे पत्र: पुण्याहून बदली झाल्यापासून गेली दोन वर्षे आम्ही गुहागर तालुक्यात, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर राहतो. आमची गाडी चार वर्षांची असून तिची अलॉय चाके यंत्रावर कापून चकचकीत केलेली आहेत. मधला खोलगट भाग काळ्या रंगाचा आहे. अलीकडे दोन चाकांच्या कडेला आणि नटांभोवती पांढऱ्या, केसासारख्या वाकड्यातिकड्या रेषा दिसू लागल्या आहेत आणि कितीही घासले तरी त्या जात नाहीत. पुढच्या दोन्ही चाकांवर तपकिरी ठिपके पडले आहेत. एका वॉशिंग सेंटरमध्ये चाकांवर ॲसिड मारून ती धुतली, त्या दिवशी आरशासारखी दिसली, पण महिन्याभरात एक चाक दुधट पडले. मागच्या डाव्या चाकाची हवा दर आठवड्याला चार-पाच पौंडांनी उतरते आणि पंक्चर मात्र सापडत नाही. घरची विहीर उन्हाळ्यात मचूळ होते, तरी गाडी त्याच पाण्याने धुतो. चारही चाके पुन्हा कापून पॉलिश करून घ्या, असे एका दुकानदाराने सुचवले आहे. तसे करावे का?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

चारही चाके पुन्हा कापून घेऊ नयेत, हे आधी सांगतो. ज्या दोन चाकांच्या लॅकरखाली, म्हणजे वरच्या पारदर्शक संरक्षक थराखाली, रेषा पसरल्या आहेत तेवढ्यांचेच काम करावे लागेल आणि तेही पुन्हा तसेच चकचकीत कापून नव्हे. दुधट पडलेले चाक कदाचित पॉलिशवर निभावेल. तपकिरी ठिपके घरच्या घरी निघतील. सर्वांत आधी मात्र हवा उतरणारे चाक दाखवून घ्यावे, कारण बाकीच्या तक्रारी दिसण्याच्या आहेत आणि ही एक सुरक्षिततेची आहे. कमी हवेवर धावणारे टायर बाजूने सतत दुमडते, आतून तापते, आणि आपण तर पुण्याला येता-जाता कुंभार्ली घाट चढता-उतरता.

आपल्या सगळ्या तक्रारींचे मूळ समजून घ्यायचे असेल, तर स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमच्या पातेल्याकडे पाहावे. या पातेल्यात चिंचेची आमटी किंवा कोकमाचे सार करून ठेवू नये, हे आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. तेच पातेले सोड्याच्या पाण्याने घासले तर काळवंडते, हेही घरोघरी ठाऊक असते. दोन्हींचे कारण एकच आहे. ॲल्युमिनियम हवेत उघडे पडताक्षणी त्यावर त्याच्याच ऑक्साइडचा, मिलिमीटरच्या काही दशलक्षांश भागाइतका पातळ पण अतिशय घट्ट पापुद्रा धरतो आणि तोच पुढे धातूला वाचवतो. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो, सुटून पडतो आणि खालचा धातू पुन्हा उघडा करतो. ॲल्युमिनियमचा पापुद्रा तसे करत नाही. पण हा पापुद्रा साधारण चार ते साडेआठ पीएचच्या (पाणी किती आंबट किंवा क्षारयुक्त आहे त्याच्या मापाच्या) दरम्यानच टिकतो. त्याहून आंबट पाणी त्याला विरघळवते आणि त्याहून क्षारयुक्त पाणीही विरघळवते. आपली चाके ज्या मिश्रधातूची असतात त्यात ॲल्युमिनियमबरोबर साधारण सात टक्के सिलिकॉन आणि अगदी थोडे मॅग्नेशियम असते, त्यामुळे ओतीव काम नीट होते आणि भट्टीत विशिष्ट तापमानाला भाजून त्याला ताकद देता येते. परंतु आम्ल आणि अल्कली यांच्यापुढे त्याचा स्वभाव पातेल्यासारखाच राहतो.

या पापुद्र्याचा तिसरा शत्रू आपल्या दारातच आहे. मिठातील क्लोराइड हा ऑक्साइडचा थर सगळीकडून न विरघळवता एखाद्या ठिपक्याएवढ्या जागी भेदतो आणि तेथून आत खड्डा करत जातो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात आणि खारा वारा त्यांचे सूक्ष्म तुषार घेऊन आपल्या अंगणापर्यंत येतो. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते ते आपण पाहतोच. हवेतील सापेक्ष आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या पुढे गेली की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतः ओले होते. चाकावर साचलेले मीठही तसेच करते. गाडी दारात उभी असली, पाऊस नसला, कोणी पाणी मारले नसले, तरी कोकणातल्या रात्रीच्या दमट हवेत ते चाक मिठाच्या पाण्याने ओले असते. म्हणूनच किनाऱ्यावर जून ते सप्टेंबरपेक्षा मला ऑक्टोबर ते मे या काळाची अधिक काळजी वाटते. पावसाळ्यात चाकावरचे मीठ निदान धुऊन तरी जाते. पावसाळा सरल्यावर ते साचतच राहते आणि पहाटेचे दव त्याला रोज भिजवते.

आता त्या पांढऱ्या रेषा. आपली चाके लेथसारख्या यंत्रावर हिऱ्याच्या पात्याने कापलेली आहेत, म्हणूनच बाजारात त्यांना डायमंड कट म्हणतात. कापलेल्या उघड्या धातूची चमक दिसावी यासाठी त्यावर रंगीत प्राइमर देता येत नाही. धातूवर रासायनिक प्रक्रियेचा अगदी पातळ थर आणि वर पारदर्शक लॅकर, एवढेच संरक्षण असते. रस्त्यावरचा खडा लागून, फूटपाथच्या कडेला चाक घासून किंवा नट काढता-लावताना पाना आपटून त्या लॅकरला सुईच्या टोकाएवढे जरी छिद्र पडले, तरी तेथून खारे पाणी आत शिरते. रेषेच्या टोकाला धातू विरघळत जातो, मागे पांढऱ्या हायड्रॉक्साइडची शेपटी राहते आणि रेषा लॅकरच्या खालून, वाळवीने भिंतीच्या गिलाव्याखालून वाट काढावी तशी पुढे सरकते. नटांभोवती आणि कडेलाच रेषा दिसाव्यात हे मला पत्रातले सर्वांत बोलके लक्षण वाटले, कारण पाना लागतो तो नटांभोवती आणि टायरवाल्याची पहार व बॅलन्सिंगची क्लिपची वजने लागतात ती कडेला.

या रेषा घासून जात नाहीत याचे कारण त्या लॅकरच्या वर नाहीतच. कोणतेही पॉलिश तेथवर पोहोचत नाही, उलट घासून घासून लॅकर पातळ होते आणि नव्या रेषांना वाट मोकळी होते. कृपया त्या जागी घासणी, पॉलिश पेपर किंवा रबिंग कंपाउंड यांपैकी काहीही लावू नये. त्यावर सिरॅमिक कोटिंग करून घेण्याचा मोहही टाळावा, कारण खाली अडकलेले मीठ आणि ओल तशीच राहते. उपाय एकच आहे: टायर उतरवायचे, जुने लॅकर आणि रंग पूर्ण काढायचा, पांढरा भाग स्वच्छ धातू लागेपर्यंत घासायचा, मग प्राइमर, रंग आणि लॅकर असे सर्व थर नव्याने द्यायचे.

पुन्हा कापून चकचकीत करून घेऊ नये, असे मी सुरुवातीला म्हटले त्याची दोन कारणे आहेत. प्रत्येक कापणीत चाकाच्या दर्शनी भागाचा एक थर निघून जातो, त्यामुळे हे काम एकाच चाकावर फार वेळा करता येत नाही. दुसरे असे की कापलेल्या धातूवर पुन्हा केवळ पारदर्शक लॅकरच येणार, त्यामुळे आपल्या घराच्या हवेत दोन-तीन वर्षांत तुम्ही पुन्हा याच प्रश्नाशी याल, असे मला प्रामाणिकपणे वाटते. समुद्रकाठी राहणाऱ्या माणसाने ही चमक सोडून द्यावी आणि चाक संपूर्ण चंदेरी किंवा करड्या रंगात, खाली प्राइमरसह रंगवून घ्यावे. दोन चाके एका रंगाची आणि दोन चकचकीत दिसतील, याचे वाईट वाटेल हे खरे. तसे वाटल्यास एका बाजूची जोडी एकसारखी राहील अशी मांडणी करता येईल का ते चाके आणि टायर पाहून ठरवावे, अथवा उरलेली दोन चाके त्यांच्या पाळीला त्याच रंगात करावीत.

काम देण्यापूर्वी कारागिराला चार प्रश्न विचारावेत, असा माझा आग्रह आहे. टायर उतरवणार की नुसता चिकटपट्टी लावून फवारा मारणार? टायर न उतरवता केलेला रंग कडेपाशी, म्हणजे आजार जेथून सुरू होतो तेथेच, अर्धवट राहतो. जुना थर कशाने काढणार? कॉस्टिक सोड्याच्या हौदात बुडवणार असतील तर चाक तेथे देऊ नये, कारण कॉस्टिकमध्ये ॲल्युमिनियम उकळल्यासारखे फसफसून विरघळते. पावडर कोटिंग असेल तर भट्टीचे तापमान आणि वेळ किती ठेवणार? ही पावडर साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसला पिकते. चाकाची ताकद ज्या उष्णोपचाराने येते त्याचा शेवटचा टप्पा त्याहून कमी तापमानाला झालेला असतो, म्हणून एकदा नेमक्या वेळेपुरती भट्टी चालते, पण तेच चाक वारंवार आणि दीर्घकाळ भाजणे योग्य नाही. आणि शेवटचे, चाक हबला (गाडीच्या ज्या फिरत्या भागावर ते बसते त्याला) टेकते तो पृष्ठभाग व नट बसतात त्या वाट्या रंगापासून झाकणार का? तेथे जाड रंग बसला तर तो पुढे दबतो आणि घट्ट केलेले नट सैल पडतात. चाके परत बसवल्यावर गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानेच टॉर्क पान्याने, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, नट आवळावेत आणि पन्नास-शंभर किलोमीटर चालवून पुन्हा एकदा तपासावेत.

याच संदर्भात एक गोष्ट विचारलेली नसतानाही सांगतो, कारण कोकणातील रस्त्यांवर ती वेळ कधीही येऊ शकते. खड्ड्यात आपटून चाकाला चीर गेली, तर ती आर्गन वेल्डिंगने जोडून देणारे पुष्कळ भेटतात. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या भागाची भट्टीत मिळवलेली ताकद निघून जाते आणि वरून रंग दिला की ते कोणाला दिसतही नाही. चिरलेले चाक बदलावे, जोडू नये.

ॲसिडविषयी मला अधिक कळकळीने लिहावेसे वाटते. चाके झटपट उजळवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या द्रवांमध्ये कधी हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि कधी हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असते. ते मळ काढत नाही, तर मळाखालचा थर विरघळवते आणि त्याबरोबर मळ सुटतो. आपल्याला त्या दिवशी दिसलेली आरशासारखी चमक ही नुकत्याच सोललेल्या पृष्ठभागाची चमक होती. जेथे लॅकर शाबूत होते तेथे ते खरवडले गेले आणि जेथे फुटलेले होते तेथे आम्ल आत राहून काम करत राहिले. पुढच्या वेळी वॉशिंग सेंटरमध्ये गाडी लावताच, चाकांना साध्या शांपूखेरीज काहीही लावू नका, असे स्पष्ट सांगावे. शंका आली तर त्यांच्या बाटलीतला थेंबभर द्रव लिटमस कागदावर घ्यावा. हा कागद प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानात अगदी स्वस्तात मिळतो.

चाकाहून मोठी चिंता तेथे काम करणाऱ्या मुलांची आहे. फ्लोराइडयुक्त आम्ल अंगावर पडले तरी सौम्य मिश्रण असल्यास पहिले काही तास दुखतही नाही, पण ते त्वचेतून खोल जाते, हाडापर्यंत पोहोचते आणि शरीरातील कॅल्शियम बांधून टाकते; मोठ्या जागेवर पडले तर जिवावर बेतते. उघड्या हातांनी, अनवाणी पायांनी ते फवारणारी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. आपण ग्राहक म्हणून ते नाकारले, तर त्यांच्या हातात ती बाटली येण्याचे एक कारण कमी होते. असा द्रव कोणाच्या अंगावर पडलाच तर ओले कपडे काढावेत, ती जागा वाहत्या पाण्याखाली ताबडतोब आणि भरपूर धुवावी, दुखत नसले तरी रुग्णालयात जावे आणि बाटली बरोबर न्यावी, म्हणजे डॉक्टरांना कॅल्शियम ग्लुकोनेटचे उपचार वेळेत देता येतील.

दुधट चाकासाठी एक सोपी परीक्षा करावी. चाक स्वच्छ करून त्यावर पाणी शिंपडावे. ओले असताना दुधटपणा नाहीसा झाला आणि वाळल्यावर परतला, तर डाग लॅकरच्या वरच्या अंगाला आहे. बारीक कार पॉलिश मऊ फडक्यावर घेऊन हाताने, हलक्या दाबाने दोन-तीनदा फिरवल्यास बराच फरक पडेल. ओले असतानाही ढगाळ दिसत राहिले, तर आम्ल खाली धातूपर्यंत गेले आहे आणि ते चाकही रंगकामाच्या यादीत घ्यावे लागेल.

तपकिरी ठिपके पुढच्याच चाकांवर अधिक असणे स्वाभाविक आहे. ब्रेक लागताना वजन पुढे येते, त्यामुळे थांबवण्याचे बरेचसे काम पुढचे ब्रेक करतात, आणि शिवाय आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांना मागे बंदिस्त ड्रम असतात. पुढच्या डिस्कच्या बिडाचे आणि पॅडचे तप्त कण उडून चाकावर चिकटतात, मग दमट हवेत त्यातले लोखंड गंजते आणि ठिपका तपकिरी होतो. कुंभार्ली घाट उतरून आल्यावर हे कण सर्वांत अधिक असतात. त्यावर जांभ्याची लाल धूळ बसली की गंज कोणता आणि माती कोणती हेच कळेनासे होते. साध्या धुण्यात जाते ती माती, उरतो तो गंज.

त्यासाठी आयर्न रिमूव्हर नावाने मिळणारा द्रव घ्यावा आणि तो आम्लरहित, तटस्थ पीएचचा आहे हे बाटलीवर वाचून घ्यावे. त्यातील थायोग्लायकोलेट हा घटक लोखंडाशी संयोग पावून जांभळा होतो, त्यामुळे चाकावरून जांभळे ओघळ वाहू लागले तर घाबरू नये. औषध कामाला लागल्याची ती खूण आहे. वास गंधकाचा आणि उग्र असतो, म्हणून मोकळ्या जागेत आणि हातमोजे घालून वापरावा. आधी धुतलेल्या, गार चाकावर, सावलीत फवारावा, बाटलीवर सांगितलेली तीन-पाच मिनिटे थांबावे, वाळू न देता मऊ ब्रशने फिरवून भरपूर पाण्याने धुऊन टाकावे. जुने ठिपके एका वेळी न गेल्यास आठवड्याने पुन्हा करावे, घासण्याचा जोर वाढवू नये. वर्षातून तीन-चार वेळा एवढे पुरे आहे. डांबराचे काळे ठिपके याने जात नाहीत; त्यांना टार रिमूव्हर फडक्यावर घेऊन लावावे, टायरच्या रबराला लागू देऊ नये आणि लगेच शांपूने धुवावे.

आता नेहमीचे धुणे, ज्यावर सगळे अवलंबून आहे. चाक हाताला गार लागेपर्यंत पाणी मारू नये. घाट उतरलेल्या गाडीच्या डिस्क दोनशे-तीनशे अंशांपर्यंत तापलेल्या असू शकतात, आणि त्यावर गार पाणी पडले तर डिस्क वाकडी होण्याचा धोका असतो. शिवाय तापलेल्या चाकावर शांपू क्षणात वाळून डाग पाडतो. गाडी धुताना चाके आधी धुवावीत, म्हणजे त्यांचा मळ धुतलेल्या दारांवर उडत नाही. चाकांसाठी बादली, ब्रश आणि फडके वेगळे ठेवावे, कारण त्या फडक्यात अडकलेले लोखंडाचे कण गाडीच्या रंगावर ओरखडे काढतात. आधी नुसत्या पाण्याने वाळू आणि माती सोडवून टाकावी, मगच शांपूचा हात फिरवावा. वाळूसकट घासणे म्हणजे पॉलिश पेपरने घासणे होय. भांडी घासायची पावडर, कपड्यांचा सोडा, तारेची घासणी आणि लिंबू या चार गोष्टी चाकापासून दूर ठेवाव्यात. तांब्या-पितळेला चिंच जे करते ते या चाकाला मुळीच मानवत नाही.

आपल्या प्रश्नातील खरी मेख मला विहिरीच्या पाण्यात दिसते. मचूळ पाण्याने धुऊन गाडी उन्हात वाळू दिली, तर पाणी उडून जाते आणि मीठ चाकावर राहते. म्हणजे आपण दर रविवारी चाकांना मिठाचा एक नवा हात देत आला आहात. उन्हाळ्यात वाटल्यास धुण्याचे काम विहिरीच्या पाण्याने करावे, पण शेवटची एक बादली गोड्या पाण्याची असावी आणि त्यानंतर प्रत्येक चाक सुक्या मऊ फडक्याने, नटांच्या खळग्यांसह, पुसून घ्यावे. पावसाळ्यात हा प्रश्नच राहत नाही. पागोळीचे पाणी पिंपात धरून ठेवले तर ते गोडे असते, विहिरीच्या पाण्यासारखे क्षार त्यात नसतात, आणि कौलावरची घाण पहिल्या दोन-चार पावसांत वाहून गेल्यानंतर धरलेले पाणी चाके धुण्यास उत्तम होय.

तालुक्यातून दापोलीकडे जाताना आपण धोपावे-दाभोळ फेरीबोट वापरत असाल, किंवा रत्नागिरीकडे जाताना तवसाळ-जयगडची. उतरणीवरचे ओले सिमेंट आणि तेथे साचलेले पाणी खारेच असते. त्या दिवशी घरी आल्यावर शांपू नको, पुसणे नको, पण चाकांवर आणि त्यांच्या आतल्या बाजूवर गोडे पाणी अवश्य ओतावे. पुळणीवर गाडी नेऊ नये, हे मी केवळ चाकांसाठी सांगत नाही; ओल्या वाळूत रुतलेल्या गाडीच्या ब्रेक, बेअरिंग आणि वायरिंगपर्यंत खारे पाणी जाते आणि भरतीची वेळ कोणासाठी थांबत नाही.

आतली बाजू बहुतेक जण विसरतात. चाकाच्या पोटात लाल चिखलाचा थर एका बाजूला वाळून बसला की चाकाचा तोल जातो आणि ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागते. पावसाळ्यानंतर अशी थरथर सुरू झाली तर बॅलन्सिंगला पैसे देण्याआधी आतला चिखल धुऊन पाहावा. टायरांची अदलाबदल करताना चाके निघतातच, तेव्हा आतून ब्रशने स्वच्छ धुऊन, वाळवून, संरक्षक लेप देऊनच परत बसवण्यास सांगावे. चाक हबच्या ज्या गोल उंचवट्यावर बसते तेथे लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकतात, आणि खारे पाणी मध्ये शिरले की दोन धातूंतील विद्युत-रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियम झिजते व चाक हबला जखडते. ऐन पावसात स्टेपनी बदलताना नट निघाले तरी चाक हलत नाही, ते यामुळे. तेथे ब्रशने गंज काढून धातू जखडू न देणाऱ्या अँटी-सीझ पेस्टचा अगदी पुसट हात द्यावा. नटांच्या आट्यांना ती लावू नये, कारण मग टॉर्कचे माप फसते.

हवा उतरणाऱ्या चाकाबद्दल माझा अंदाज असा आहे की टायरची कड चाकाला जेथे चिकटून बसते तेथे पांढरी पूड धरली आहे आणि तिच्या खडबडीतून हवा झिरपते. पंक्चरवाल्याने टायरचा माथाच पाण्यात पाहिला असेल तर ते सापडणार नाही. चाक आडवे ठेवून दोन्ही कडांवर आणि व्हॉल्व्हच्या बुडाशी साबणाचा दाट फेस लावावा आणि पाच-दहा मिनिटे थांबावे. मंद गळती बुडबुड्यांची बारीक माळ दाखवते. कडेला सापडल्यास टायर उतरवून ती बैठक नायलॉनच्या हिरव्या घासणीने गुळगुळीत करून घ्यावी. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून घासू देऊ नये, कारण पोलादाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि पुढे त्यांच्याभोवतीच धातू झिजू लागतो. मग बीड सीलरचा (टायरच्या कडेची गळती बुजवणाऱ्या द्रवाचा) पातळ हात, नवा व्हॉल्व्ह आणि त्यावर प्लॅस्टिकची टोपी असे काम व्हावे. धातूच्या टोप्या खाऱ्या हवेत व्हॉल्व्हला घट्ट धरतात आणि काढताना व्हॉल्व्हच तुटतो. घासताना खोल खड्डे किंवा चीर दिसली तर मात्र चाक बदलण्याचीच तयारी ठेवावी.

त्याच वेळी बॅलन्सिंग होईल तेव्हा क्लिपची वजने नाकारून आतल्या बाजूला चिकटवायची वजने मागावीत, आणि टायर पहारीने नव्हे तर प्लॅस्टिकची आवरणे असलेल्या यंत्रावर चढवले जाईल असे दुकान निवडावे. आपल्या दोन चाकांच्या कडा ज्या कारणाने गेल्या असाव्यात असे मला वाटते, ते कारण निदान उरलेल्या दोन चाकांपासून दूर राहील.

संरक्षक लेपाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याचे महत्त्व जाहिरातींत सांगतात तेवढे नाही. कार्नोबा मेण ऐंशी-पंच्याऐंशी अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे गाडीच्या टपावर टिकते तितके ते घाटात तापणाऱ्या चाकावर टिकत नाही. कृत्रिम सीलंट अधिक टिकतो, दर तीन-चार महिन्यांनी घरीच लावता येतो आणि आपल्याला मी तोच सुचवेन. सिरॅमिक कोटिंग अधिक काळ टिकते, पण ते निर्दोष लॅकरवरच आणि लावल्यानंतर बाटलीवर सांगितलेला वेळ, बहुधा पूर्ण एक दिवस, कोरडे ठेवता येईल तेव्हाच करावे. म्हणजे मे महिन्याच्या मध्यापर्यंत, वळवाच्या सरी सुरू होण्याआधी. नव्याने रंगवलेली चाके कारागीर सांगेल तितके दिवस तशीच राहू द्यावीत आणि मगच लेप द्यावा. लेप कोणताही असला तरी खडा लागून पडलेले छिद्र तो बुजवत नाही. म्हणून महिन्यातून एकदा, चाके पुसून झाल्यावर, तिरप्या उजेडात कडा आणि नटांचे खळगे बोटाने चाचपून पाहावेत. नवा टवका सापडला तर ती जागा गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, स्पिरिटने पुसून, बारीक ब्रशने लॅकरचे दोन पातळ हात लगेच द्यावेत. टवका नवा असताना हे काम दहा मिनिटांचे असते. पांढरी शेपटी एकदा दिसू लागली की टायर उतरवण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

या आठवड्यात मागचे डावे चाक उतरवून कड तपासून घ्यावी, आणि ज्या चाकांना रंगकाम लागणार आहे त्यांचे काम पावसाळ्याआधी उरकावे. बैठकीला खड्डे निघाले, तर त्यांची खोली आणि जागा मला जरूर कळवावी. ते चाक ठेवण्याजोगे आहे की नाही, हे त्यावरून नेमके सांगता येईल.